सुफळ संपूर्ण करू नकोस

पोरी,

तुझ्या चित्रकथेची पानं मिळाली. रात्री एकदा पाहिली आणि सकाळी गच्चीवर नेऊन पुन्हा पाहिली, कारण शाईचं काम रात्रीच्या दिव्यात उगाचच बरं दिसतं. तुझं सकाळीही टिकलं. सोबतचं पत्र मात्र फारच घाबरट आहे. आत्या म्हणते, घरात दिवस गेलेली वहिनी असताना अळवंतीण (बाळंतपणात मेलेल्या बाईचं भूत) कसली रंगवतेस. कॉलेजातले सर म्हणतात, अशानं अंधश्रद्धा पसरते. आणि तू दोघांचाही मान राखायला शेवटच्या पानावर गोष्टीतल्या बाळंतिणीला झोपेतून उठवून बसवलंस. सकाळ झाली, बाळ हसलं, सगळं स्वप्न होतं. कुणी सांगितलं होतं हे?

तिसरं पान पुन्हा काढून बघ. बाळंतिणीची खोली. बाज, बाजेखाली शेगडी, ओव्याची धुरी, उशाखाली विळा. कोपऱ्यात पाचवीला पुजलेला पाटा-वरवंटा, शेजारी कोरा कागद आणि लेखणी, रात्री सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहील म्हणून. बाई तापानं फणफणलेली. आणि दाराच्या फटीत सासूचा हात, बाहेरून कडी घालणारा. त्या हातातली एक बांगडी तू पिचकलेली काढलीस, हे मला फार आवडलं. दवाखाना नाही, गाडी नाही, 'बाहेरचं आहे, उतरेल' म्हणून घातलेली कडी. तुझी अळवंतीण त्यानंतर कितीतरी पानांनी येते. खरं भय या पानावरच येऊन गेलंय. एवढं काढता येणाऱ्या मुलीनं शेवटी बाळ हसवावं, याचा मला राग आला.

आपल्याला ही खोड कहाण्यांनी लावलीय. शिळासप्तमीची कहाणी तू आजीकडून ऐकली असशील. राजानं तळं बांधलं, पाणी लागेना. जलदेवता म्हणाल्या, सुनेचा थोरला मुलगा बळी दे. सून कबूल होणार नाही हे राजाला ठाऊक, म्हणून तिला युक्तीनं माहेरी धाडलं. मुलाला न्हाऊमाखू घातलं, जेवू घातलं, पलंगावर निजवलं आणि तो पलंग तळ्यात नेऊन ठेवला. तळं भरलं. सून परत येताना वाटेत तेच भरलेलं तळं बघते आणि आपला वसा आठवून पूजा करते. पाण्यात उभी असताना कुणीतरी तिचे पाय ओढतं. बघते तर तिचाच मुलगा. नीट वाच, पोरी. याहून भयंकर काही मराठीत लिहिलं गेलं असेल तर मला आणून दे. आणि लगेच पुढे, साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण! मुलगा परत आला म्हणून राजाला कुणी विचारत नाही की सुनेला माहेरी का पाठवलं होतंस. मी कहाणीला नावं ठेवत नाही. ती व्रताची आहे, तिला प्रसाद वाटायचा असतो. तुला वाटायचा नाहीये. जिथे कहाणी घडी घालते, तिथे तू उलगडून दाखवायचंस. सुफळ संपूर्ण करू नकोस.

आपल्याकडची भुतं एकदा नीट बघ. ओली बाळंतीण गेली की अळवंत. मुंज होऊन सोडमुंजीआधी गेलेला पोर म्हणजे मुंजा, पिंपळावर बसलेला. पाण्यात बुडून मेलेल्याचा गिऱ्हा. ज्यांचं काहीतरी राहून गेलं, अशांची ही यादी आहे. (मुंज झाल्याशिवाय मुंजा होता येत नाही आणि ब्राह्मण असल्याशिवाय ब्रह्मसमंध. मेल्यावरही जात सुटत नाही आपल्याकडे. यावर कुणीतरी चांगलं काढायला हवं, तू नाही तर दुसऱ्या कुणी.) जिवंतपणी ज्या बाईला दाराची कडी काढा म्हणता आलं नाही, तिला पुन्हा त्या दाराशी येऊ देणारा प्रकार मला तरी भुताच्या गोष्टीचा एकच माहीत आहे. आणि तू तिला स्वप्न ठरवून परत पाठवतेस. मग तुझ्यात आणि त्या सासूत फरक काय राहिला?

जरा जास्तच बोललो. असू दे.

आता सरांचा मुद्दा. तो हसण्यावारी नेऊ नकोस. जादूटोणाविरोधी कायदा या राज्यात 2013 साली आला, दाभोलकरांचा खून झाल्यावर. भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीनं बांधून मारहाण करणं हा त्यातल्या यादीतला अगदी पहिला गुन्हा. म्हणजे तुझ्या तिसऱ्या पानावरची सासू आणि तिनं बोलावलेला भगत. कायदा ज्याला धरायला बघतो, त्यालाच तू चित्रात धरलंयस, हे सरांना दाखव. भगत सांगतो की भय बाहेरून आलंय आणि ते काढायचे अमुक पैसे. तू सांगतेस की भय घरातलंच आहे. दोन्ही एकच कसं? 2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे 807 मुली होत्या. हा आकडा तेव्हा पेपरात आला, लोकांनी हळहळ केली, पान उलटलं. पुढे 'लपाछपी' या सिनेमात उसाच्या फडातल्या घरात अडकलेली गरोदर बाई दाखवली, तेव्हा माझ्या शेजारच्या सीटवरच्या आजीबाई मध्यंतरातही उठल्या नाहीत. का उठल्या नाहीत ते मी विचारलं नाही.

आणि 'असलं काळं सुचतं म्हणजे डोकं ठिकाणावर नाही' हे ऐकून तू रडलीस म्हणे. रडायचं काय त्यात? मतकरींनी गूढकथा लिहिल्या आणि त्याच माणसानं 'अलबत्या गलबत्या'तली चेटकीण रंगमंचावर आणून पोरांना पोट धरून हसवलं. भरतानं नाट्यशास्त्रात आठ रस मोजले, त्यात भयानक आहे, बीभत्सही आहे. कोकणात दशावतारात काळा संकासुर लाल जीभ लोंबवत येतो, तेव्हा पुढे बसलेली पोरं किंचाळतात आणि उठून मात्र जात नाहीत. आरवलीच्या वेतोबाला लोक चामड्याच्या चपला वाहतात, तो रात्री गावभर राखण करत फिरतो म्हणून. भयाशी आपलं इतकं घरचं नातं असताना तुझ्या आत्याला एकदम काय झालं?

नारायण धारपांच्या भयकथा वाचतेस ते चांगलं आहे. पण त्यांच्या कथांत शेवटी येऊन सोडवणारे समर्थ तुझ्याकडे नाहीत, हे लक्षात ठेव. त्यांनी अंधार इतका दाट उभा केलेला असतो की सोडवणारा आला तरी वाचणारा रात्री दार दोनदा तपासतो. तुझ्या पानांत अजून तेवढा दाटपणा नाही. तू सोडवणारा आणलास की काहीच उरणार नाही.

माझं विचारशील तर, एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझी कथा परत पाठवली होती. दोनच ओळी घाला म्हणाले, 'आणि तिला जाग आली' अशा अर्थाच्या. सणाचा अंक आहे, फराळाबरोबर वाचतात लोक. मी घातल्या नाहीत. ते पुन्हा कधी बोलले नाहीत आणि मीही ताठ्यात राहिलो. माणूस चांगला होता, मला पहिलं मानधन त्यांनीच दिलेलं. ते गेले तेव्हा मी भेटायलाही गेलो नव्हतो, याची खंत आहे. त्या दोन ओळींची नाही. 'भुतंवाला' म्हणून मला अजूनही संमेलनात कवींच्या मागे बसवतात. बसतो. पण त्या कथेतली बाई अजून झोपेतून उठलेली नाही, आणि अधूनमधून एखादी वाचणारी मला पत्र लिहून 'माझ्या मावशीचं असंच झालं' म्हणते. गोड शेवटाच्या कथेला अशी पत्रं येत असतील असं मला वाटत नाही. येत असतील तर येवोत.

तेव्हा कामाचं. रक्त कमी कर, सातव्या पानावर तर बादलीभर आहे, त्यानं कुणी घाबरत नाही, नुसती किळस येते. अळवंतिणीचे पाय उलटे काढलेस ते ठीक, पण चेहरा तिसऱ्या पानावरच्या बाईचाच हवा, सुंदर नको, विद्रूपही नको. शेवटचं पान फाड. त्याच्या आधीच्या पानावर सासू कडी काढायला हात पुढे करते, तिथे थांब. कडी निघाली का नाही हे सांगू नकोस. अंकवाले विचारतील, 'पुढे काय?' म्हणून. तू म्हणायचं, एवढंच आहे.

ते नाही म्हणाले तर मला कळव, माझ्या ओळखीत एक-दोघं आहेत जे अजून असलं छापतात. मानधन देत नाहीत, आधीच सांगतो. आणि पुढची पानं जाड कागदावर काढ, या कागदाला शाई मागून फुटलीय.