विणकर मुंग्यांचं रेशीम कोण काढतं?

प्रश्न : आंब्याच्या झाडावर हिरवी पानं एकमेकांना चिकटून मोठा गोळा झालाय, आत लालसर मुंग्या आहेत, हात लागला की कडकडून चावतात. पानांच्या मधे पांढरं जाळं दिसतं ते कोळ्याचं का? आणि गोळा काढून टाकला तर मुंग्या जातील का?

उत्तर : नाही हो, कोळ्याचा काही संबंध नाही, जाळं मुंग्यांचंच आहे. या विणकर मुंग्या, शास्त्रीय नाव ओइकोफिला स्मराग्डिना, भारतापासून पार उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत सापडतात. ते पांढरं म्हणजे रेशीम, आणि खरी कमाल पुढेच आहे, मोठ्या मुंग्यांना रेशीम काढताच येत नाही, ते काढतात त्यांच्या अळ्या!

आधी कामकरी मुंग्या ओळीने उभ्या राहून दोन पानांच्या कडा ओढून जवळ आणतात, अंतर जास्त असलं तर एकीची कंबर दुसरी जबड्यात धरते, दुसरीची तिसरी, अशी साखळीच तयार होते. कडा जुळल्या की बाकीच्या मुंग्या पूर्ण वाढीच्या अळ्या तोंडात धरून येतात, अळीचं डोकं एका कडेला टेकवायचं, मग दुसऱ्या, परत पहिल्या, डिंकाची ट्यूब फिरवावी तसं, आणि अळी मुकाट्याने धागा सोडत राहते. बऱ्याच मुंग्यांच्या अळ्या हे रेशीम स्वतःच्या कोषासाठी वापरतात, या मात्र सगळं घराला देऊन टाकतात, म्हणून यांना कोषच नसतो, उघड्यावरच वाढतात. मला तरी कीटकांच्या जगात यापेक्षा भारी काही वाटत नाही.

चावण्याचं म्हणाल तर यांना नांगी नसते, जबड्याने चावतात आणि पोटाच्या टोकातून फॉर्मिक ॲसिड जखमेवर फवारतात, म्हणून एवढी आग होते.

आता गोळा काढायचं. एका वसाहतीची अशी बरीच घरटी असतात, कधी कधी अनेक झाडांवर पसरलेली, मुंग्या लाखांत, आणि राणी त्यातल्या एखाद्याच घरट्यात. त्यामुळे एक गोळा काढून काही होत नाही, उलट चावून घ्याल. आणि काढायचा तरी कशाला, या मुंग्या झाडावरच्या अळ्या, ढेकण्या (रस शोषणारा किडा) अशी कीड खातात, चीनमधे तर शेकडो वर्षांपासून संत्र्याच्या बागांत यांची घरटी मुद्दाम आणून लावायचे. फक्त एक लक्ष ठेवा, झाडाचा रस शोषणारे पिठ्या ढेकूण आणि खवले कीड जो गोड चिकट रस सोडतात त्यासाठी मुंग्या त्यांना सांभाळतात, पानांवर ते खूपच वाढलेले दिसले तर तेवढ्या फांद्या छाटा.