पायथ्याशी पाणी दिसले, तर आधी त्याचा रंग पाहा
कृषी सल्ला : पाझर तलाव व मातीच्या धरणांविषयी शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे

आपल्याकडचे बरेचसे पाझर तलाव १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर रोजगार हमीवर झाले. २०२१ च्या केंद्रीय धरण सुरक्षा कायद्यात मुख्यतः १५ मीटरपेक्षा उंच धरणे येतात. १० ते १५ मीटरची धरणे लांबी, साठा वगैरे अटींत बसली तरच. गावचा तलाव बहुधा त्याहून ठेंगणा असतो. म्हणून त्यावर रोजची नजर असेल, तर ती तुमचीच.

प्रश्न : भरावाच्या (तलावाच्या मातीच्या बांधाच्या) पायथ्याशी ऑगस्टपासून चिखल राहतो, एका जागी पाणीही वाहते. तलाव फुटेल का?

नुसती ओल दिसली म्हणून घाबरू नका. पाझर तलाव पाझरण्यासाठीच बांधतात, आणि त्या पाझरावरच खालच्या विहिरी रब्बीला टिकतात. साडेचार मीटरपर्यंत उंचीच्या पाझर तलावाला तर भरावाखाली पायाचा खंदक नसला तरी चालतो, कारण तळाखालून पाणी झिरपलेले तिथे हवेच असते. पाण्याबरोबर माती यायला लागली की मात्र धोका सुरू झाला. पाणी जिथून बाहेर पडते तिथले कण आधी सुटतात. मग छिद्र मागे, तलावाच्या दिशेने, सरकू लागते. पाण्याची वाट जितकी आखूड होते तितका त्याचा जोर वाढतो आणि शेवटी भरावाच्या आत आरपार नळी पडते. वरून भराव धडधाकट दिसतो आणि एकाएकी खचतो.

म्हणून एक पांढरी काचेची बाटली घ्या, वाहत्या पाण्याने भरा आणि अर्धा तास न हलवता ठेवा. तळाशी मातीचा थर बसला, तर त्याच दिवशी लेखी कळवा. पाणी नितळ राहिले, तर त्याचे माप ठेवा. लहानसा चर काढून पाणी एका पन्हळीवर आणा, खाली १५ लिटरची बादली लावा आणि ती भरायला किती सेकंद लागतात ते मोजा. ६० सेकंद लागले तर गळती सेकंदाला पाव लिटर. वहीत तारीख, तलावाची पातळी आणि सेकंद, एवढे आठवड्यातून एकदा लिहा. तलाव भरत असताना गळती वाढणे साहजिक आहे. पातळी तीच असताना किंवा उतरत असताना गळती वाढली, तर पाण्याने आतून नवी वाट काढली असे समजा.

जागाही बघा. अगदी पायथ्याच्या दगडी पाळीतून येणारे पाणी सर्वांत कमी काळजीचे. ती पाळ त्यासाठीच असते. उताराच्या मध्यावर ओल असेल, ऐन उन्हाळ्यात तेवढाच पट्टा लव्हाळ्याने हिरवा दिसत असेल, तर अभियंत्याला जागेवर बोलवा. पाणी सोडायच्या नळाच्या कडेने पाणी येत असेल, तर सर्वांत आधी. नळाला लागून माती धुम्मसने (माती ठोकायच्या जड ठोकळ्याने) नीट ठोकता येत नाही, म्हणून फट पडायला ती जागा सोपी असते.

कधीकधी पायथ्यापलीकडच्या शेतात जमिनीतून पाणी उकळल्यासारखे वर येते आणि भोवती वारुळासारखी बारीक वाळूची रास साठते. हे तोंड दगड-माती टाकून बुजवू नका. दाबलेले पाणी शेजारून दुसरी वाट काढते. भोवती वाळूच्या पोत्यांचे कडे रचा आणि आतले पाणी चढू द्या. पाणी स्वच्छ यायला लागले की पोत्यांची उंची तिथेच थांबवा. माती धरून ठेवायची आणि पाणी जाऊ द्यायचे, एवढेच काम त्या कड्याचे आहे. पक्की दुरुस्तीही याच रीतीने होते : ओल्या जागेवर आधी वाळू, तिच्यावर बारीक खडी, वर दगड. हा क्रम उलटा झाला तर माती दगडांच्या फटींतून निघून जाते.

प्रश्न : पाऊस कमी होतो. सांडव्यावर (जादा पाणी वाहून जायच्या वाटेवर) पोत्यांच्या दोन रांगा लावल्या तर एक पाणी जास्त मिळेल. हरकत आहे का?

हरकत आहे, आणि मोठी आहे. समजा, सांडव्यावरून ७५ सेंटिमीटर उंचीचे पाणी जाईल असा मूळ हिशेब आहे. तुम्ही ३० सेंटिमीटर पोती रचली, तर ४५ उरले. उंची चाळीस टक्क्यांनी घटली, पण वाहून जाणारे पाणी निम्म्याहूनही कमी झाले, कारण सांडव्यावरचा प्रवाह उंचीपेक्षा वेगाने घटतो. आता पाणलोट १०० हेक्टर, पाऊस ५० मिलिमीटर आणि त्यातले निम्मे पाणी वाहून आले असे धरा. ते झाले अडीच कोटी लिटर. पाच हेक्टर पसरलेल्या भरलेल्या तलावात, वाट नसेल तर, पातळी अर्धा मीटर चढते. अशा दोन सरी लागोपाठ आल्या की पाणी माथ्याला लागते. मातीच्या भरावावरून पाणी गेले की ते खालच्या उताराला पायथ्यापासून खणत वर येते, आणि मग पोती टाकून ते थांबत नाही.

मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर बारीक जाळी लावतात, तिचाही परिणाम तोच. पहिल्या पुरात पालापाचोळा अडकतो आणि जाळीची भिंत होते. मत्स्य संस्थेशी बोलून मृगाच्या आधी ती काढायला लावा. सांडव्याच्या पुढच्या चरात कुणी बांध घातला असेल, कडबा रचला असेल, बाभळी माजल्या असतील, तर तेही मोकळे करा.

माथा सर्वत्र सारखा आहे का, तेही तपासा. गवंड्याचा पाणी भरलेला लेव्हल पाइप घ्या आणि दर १० मीटरवर खुंटी मारून बघा. जनावरांची वाट आणि ट्रॅक्टरची चाकोरी पडलेल्या जागी माथा हमखास बसलेला असतो, आणि पूर आला तर पाणी तिथूनच ओलांडते.

प्रश्न : भरावाच्या लगत खाली विहीर खोदली तर पाणी हमखास लागते. मोटारीचा पाइप भरावातून नेता येईल का?

दोन्ही गोष्टी करू नका. पायथ्याशी विहीर म्हणजे झिरपणाऱ्या पाण्याला जवळचा खड्डा. त्याची वाट आखूड होते, उपसा चालला की ओढ वाढते, आणि सुरुंग लावला तर खडकाच्या भेगा थेट भरावाखाली उघडतात. विहिरीची जागा तलाव ज्या विभागाकडे आहे त्याच्या अभियंत्याकडून लेखी घ्या. पाइप भरावात चर खणून पुरला, तर मोकळ्या मातीचा आरपार पट्टा तयार होतो. पाइप न्यायचाच असेल, तर त्याच विभागाच्या परवानगीने माथ्यावरून, न खणता, वरून मुरमाचा उतार देऊन न्या. घरासाठी किंवा रस्त्यासाठी भरावाच्या खालच्या अंगाचा मुरूम उकरणारे गावात असतात. त्यांना ग्रामसभेतच थांबवावे लागेल.

प्रश्न : भरावावर मोठी झाडे, बिळे आणि भेगा आहेत. आम्ही स्वतः काय करू शकतो?

मनगटापेक्षा बारीक झुडपे मुळासकट काढा. मोठे झाड नुसते तोडू नका. मुळे काही वर्षांनी कुजतात आणि त्यांच्या जागी नळ्या उरतात. तलाव कोरडा असताना विभागाच्या देखरेखीखाली बुंधा आणि जाड मुळे खणून काढून खड्डा भरायचा असतो. भरताना १५ सेंटिमीटरचे थर, प्रत्येक थर धुम्मसने ठोकलेला, आणि माती इतकी ओली की मुठीत लाडू वळतो पण हाताला चिकटत नाही. घुशी, साळिंदर, खेकडे यांची बिळे शेवटपर्यंत उघडून अशीच भरा. तोंडाशी दगड कोंबला तर आतले बीळ तसेच राहते. भरावावर हरळी असावी, पिके नकोत.

काळ्या मातीचा भराव उन्हाळ्यात तडकतोच. माथ्याच्या लांबीला धरून गेलेल्या उथळ भेगा बहुधा वाळल्यामुळे असतात. पण त्या रुंदावत असतील किंवा एका बाजूची माती खाली बसली असेल, तर भराव घसरू लागला आहे. तलावाकडून पायथ्याकडे आडवी गेलेली भेग सर्वांत वाईट, कारण पाण्याला तयार वाट मिळते. भेगेत चुन्याचे पाणी ओता, म्हणजे खणताना ती कुठवर गेली ते पांढऱ्या रेषेवरून कळते. तिच्या तळाखाली ३० सेंटिमीटरपर्यंत खणून, वरच्यासारखेच थर देऊन भरा. भेगेत वाळू किंवा मुरूम ओतू नका. भेग अर्ध्या मीटरपेक्षा खोल गेली, तर हात न लावता कळवा.

प्रश्न : गाळ किती काढावा?

गाळ शेताला उत्तम, पण गाळ संपून मूळ जमीन लागली की थांबा. तळाचा चिकण थर फोडला तर पाणी नको तिथून वाट काढते. भरावाच्या आतल्या पायथ्यापासून किती अंतर सोडायचे ते अभियंता चुन्याने आखून देतो. जेसीबी त्या रेषेच्या आत जाऊ देऊ नका.

प्रश्न : पावसात रात्री धोका दिसला तर?

चिपळूण तालुक्यातल्या तिवऱ्याचे धरण २ जुलै २०१९ ला रात्रीच फुटले आणि पायथ्याची वस्ती वाहून गेली. म्हणून ठरवायचे ते मे महिन्यातच ठरवा : जोराच्या पावसात बॅटरी घेऊन तलावावर कोण जाणार, भोंगा कुणाच्या घरी, ओढ्याकाठची कुठली घरे आधी हलवायची, माणसे कुठल्या उंचवट्यावर जाणार.

गळती गढूळ झाली, माथा खचला किंवा पाणी माथ्यापासून हातभर राहिले, तर आधी खालची वस्ती हलवा आणि दावणीची जनावरे सोडा. मग पोलीस पाटील, तलाठी आणि जिल्हा नियंत्रण कक्ष (१०७७) यांना कळवा. पाणी सोडायची झडप चालत असेल तर उघडा. एरवी पातळी दिवसाला साधारण ३० सेंटिमीटरपेक्षा वेगाने उतरवू नये, आतला ओला उतार घसरतो. मात्र भराव फुटायच्या बेतात असेल, तर हा नियम पाळत बसू नका. भराव फोडून पाणी सोडायचा प्रयत्न कुणीही करू नये. खालच्या बाजूला उभे राहून फोटोही काढू नयेत.

कमी उंचीच्या आणि १०० हेक्टरपर्यंत सिंचनाच्या तलावांचे अर्ज आधी जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाकडे द्या. अर्जाला बादलीच्या नोंदींची झेरॉक्स आणि तारखेसह फोटो जोडा, आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.