'भेजा फ्राय' बघितलाय, तर त्याचा मूळ फ्रेंच सिनेमा बघण्यात काही मजा आहे का?

आहे, आणि तेवढा वेळ सहज काढता येईल कारण सिनेमा जेमतेम ८० मिनिटांचा आहे, गाणी नाहीत, उगाच लांबवलेलं काही नाही. नाव 'ल दिने द कों', १९९८ चा, दिग्दर्शक फ्रान्सिस वेबेर. मुळात हे त्याचंच नाटक, १९९३ मध्ये पॅरिसच्या थिएत्र दे व्हारिएतेमध्ये आलेलं, तेव्हा सिनेमा करताना मूळ लेखकाला धाब्यावर बसवलं वगैरे भानगडच नाही.

गोष्ट तुम्हाला माहितीच आहे. ब्रोशाँ नावाचा श्रीमंत प्रकाशक आणि त्याचे मित्र दर बुधवारी जेवायला जमतात, प्रत्येकाने एकेक मूर्ख पकडून आणायचा आणि ज्याचा सगळ्यात भारी तो जिंकला. ब्रोशाँला मिळतो पिन्याँ, अर्थखात्यातला कारकून, जो काडेपेटीच्या काड्या चिकटवून आयफेल टॉवर वगैरे बनवतो आणि भेटेल त्याला फोटो दाखवत सुटतो. हिंदीत या छंदाच्या जागी गाण्याचा छंद दिला, आणि विनय पाठक भारीच आहे, पण तो समोरच्याला पिळतो हे त्याला स्वतःलाही थोडंफार कळत असावं असं वाटतं. जाक व्हिलरेचा पिन्याँ तसा नाही. त्याला मनापासून मदत करायची असते, आणि त्याने मदतीला हात लावला रे लावला की पुढचं सगळं कोसळतं!

आता यातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट सांगतो. फार्स म्हटला की आपल्या डोळ्यासमोर बबन प्रभूंच्या नाटकातली धावपळ येते, इकडून एक आत गेला तिकडून दुसरा बाहेर आला. वेबेरने काय केलं, तर हिरोची कंबरच धरली. गोल्फ खेळताना उसण भरते आणि ब्रोशाँ घरातच अडकतो, त्याच संध्याकाळी बायको सोडून जाते, आणि शोधाशोध करायला हाताशी कोण तर हा पिन्याँ. म्हणजे दारांचं काम इथे टेलिफोन करतो, तोही स्पीकरवर टाकलेला, की पलीकडचा काय बोलतोय ते खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जावं.

लब्लाँला केलेला फोन नीट बघा. बायको या जुन्या मित्राकडे गेली असेल असा संशय असतो, म्हणून पिन्याँने बेल्जियन निर्माता बनून कादंबरीचे हक्क मागायचे आणि बोलता बोलता बायकोचा विषय काढायचा असं ठरतं. ब्रोशाँ एकेक वाक्य पढवतो. पिन्याँ फोन लावतो, बेल्जियन हेल काढतो, रंगात येतो, घासाघीस करतो, हक्क मिळवतो, आणि खुशीत फोन ठेवून देतो. बायकोचं विचारायचं राहिलंच! त्यावेळी कॅमेरा ब्रोशाँ झालेल्या तिएरी लेर्मीतच्या चेहऱ्यावर असतो, तो ओरडत नाही की आदळआपट करत नाही, नुसता बघत राहतो. लोक व्हिलरेचं कौतुक करतात, करायलाच हवं, त्याला सीझर हा फ्रान्सचा सिनेमा पुरस्कारही मिळाला, पण माझ्या मते अवघड काम लेर्मीतचं आहे कारण त्याला जागचं हलायचंही नाही आणि हशा मात्र टिकवून धरायचाय.

मग येतो श्वाल, कर तपासणारा अधिकारी, म्हणजे दानिएल प्रेव्होस्त (यालाही सहाय्यक भूमिकेचा सीझर). ब्रोशाँ कर चुकवणारा, त्यामुळे भिंतीवरची भारी चित्रं घाईघाईने आतल्या खोलीत ढकलायची, आणि उंची वाइन स्वस्तातली वाटावी म्हणून तिच्यात व्हिनेगर ओतायचं, तर ती आणखीच चांगली लागायला लागते 😂 पुढे काय होतं ते सांगत नाही, हिंदीत रणवीर शौरीचं पाहिलं असलं तरी प्रेव्होस्तचं ते चिरकं हसणं ऐकायलाच हवं.

खोट काढायची तर बायकांच्या भूमिका अगदीच पातळ आहेत, ब्रोशाँची प्रेयसी मार्लेन तर नुसती गोंधळ वाढवायला आणलेली वाटते. सुरुवातीला बाहेरचे सीन जोडलेत, गोल्फ, ट्रेन वगैरे, ते ठीकठाक, नाटक नाही सिनेमा आहे हे दाखवायला घातल्यासारखे. एकदा फ्लॅटमध्ये शिरलो की मग गाडी सुसाट. आणि ते मूर्खांचं जेवण शेवटपर्यंत दाखवतच नाहीत, हे फार शहाणपणाचं. २०१० च्या अमेरिकन रिमेकने नेमकं तेच दाखवलं आणि हवा गेली, तो नाही बघितलात तरी चालेल.

सबटायटल्स लावूनच बघा, डबिंगमध्ये फोनवरची आवाजांची गंमत जाते. आवडलं तर वेबेरचाच 'ल प्लाकार' (२००१) लावा, त्यातही हिरोचं नाव फ्रान्स्वा पिन्याँच आहे, फक्त माणूस वेगळा, तिथे दानिएल ओतय. हे नाव तो १९७३ पासून वेगवेगळ्या सिनेमांत वापरत आलाय, तेव्हा ओळीने सगळे पिन्याँ बघायचे असतील तर 'लाँमेर्दर'पासून सुरू करा.