एनबीए (अमेरिकेची बास्केटबॉल लीग) फायनल्सवर वाद घालायचाय? आधी अख्खं पझेशन (बॉल एका टीमकडे असतानाचा खेळ) बघ

मित्रा, नुसता शेवटचा शॉट घेऊन वादात उतरू नकोस. 1998 ची सहावी मॅच घे. मायकेल जॉर्डनचा तो जंपर (उडी मारून घेतलेला शॉट) सगळ्यांना पाठ आहे, पण त्याआधी त्याने मागून येऊन समोरच्या टीममधल्या कार्ल मलोनच्या हातातला बॉल काढून घेतला, ते कितीजण सांगतात? 2013 मध्ये मियामी हीटच्या रे ॲलनच्या थ्री-पॉइंटरने (लांबून मारलेला तीन पॉइंटांचा शॉट) बरोबरी झाली तेव्हा 5.2 सेकंद उरले होते. माझं मत मात्र त्याच टीमच्या ख्रिस बॉशच्या रिबाउंडला (हुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं)! हीटच्याच लेब्रॉन जेम्सचा शॉट हुकल्यावर तो बॉल समोरच्या स्पर्स टीमच्या हाती लागता तर ट्रॉफी जवळजवळ त्यांचीच होती. ॲलनचे पायही नीट बघ, खाली न बघता मागे सरकत तो कोपऱ्यात थ्री-पॉइंटच्या रेषेमागे जातो. 2016 मध्ये लेब्रॉनने इग्वाडालाचा शॉट अडवला, तो ब्लॉकही यादीत हवाच. क्लिपांवर भागवू नकोस, शेवटची पाच मिनिटं सलग बघ.