विवेक, रेशन आणि तिम माया

प्रश्न असा आला आहे: ब्राझीलचा गायक तिम माया याने १९७५ साली स्वतः काढलेल्या ‘रासिओनाल’ या सोल-फंक अल्बमचं नाव मराठीत ‘विवेकवादी’ असं द्यावं की ‘बुद्धिवादी’? आणि ‘स्वतंत्र अल्बम’ हा प्रयोग बरोबर आहे का?

‘विवेकवादी’ नको. बुद्धिवादी त्याहून नको. गेल्या वर्षभरात हे भाषांतर मी तीनदा वाचलं, आणि तिन्ही वेळा पेनाने समासात काट मारली. कोशात ‘रॅशनल’ काढायचा, समोर पहिला जो शब्द दिसेल तो उचलायचा आणि पुढे चालू लागायचं, असा हा प्रकार आहे. महाराष्ट्रात ‘विवेकवाद’ या शब्दाला स्वतःचं घर आहे. तो ऐकला की डोळ्यांपुढे दाभोलकर येतात, अंगात आलेल्या बाईला प्रश्न विचारणारे कार्यकर्ते येतात. आता हा अल्बम कशाबद्दल आहे ते ऐका.

१९७४च्या सुमारास तिम माया आरसीए कंपनीसाठी दुहेरी अल्बम ध्वनिमुद्रित करत होता. संगीत तयार होतं, शब्द बाकी होते. एका मित्राच्या घरी त्याच्या हाती ‘उनिव्हेर्सू एं देझेंकांतू’ हे पुस्तक पडलं. रिओजवळच्या मानुएल जासिन्तू कोएल्यू या गुरूच्या ‘कुल्तुरा रासिओनाल’ पंथाचं हे पुस्तक. माणूस मूळचा या पृथ्वीवरचा नाही, तो ‘रासिओनाल मैदाना’तून इथे घसरला, पुस्तक वाचत राहिलं की त्याचं ‘इम्युनायझेशन’ होतं आणि तो स्वगृही परततो, अशी शिकवण. उडत्या तबकड्याही आहेत. तिम मायाने दारू सोडली, नशा सोडली, पांढरे कपडे घातले, वाद्यंसुद्धा पांढरी रंगवून घेतली आणि तयार चालींवर पंथाचा प्रचार बसवला. ‘ते पुस्तक वाचा’ हे गाण्यांतून पुन्हापुन्हा येतं. एक गाणं तर जगालाही कळावं म्हणून इंग्रजीत आहे, बारा मिनिटांच्या आसपास लांब. याला विवेकवादी म्हणणं म्हणजे कीर्तनाला निरीश्वरवादी मेळावा म्हणण्यासारखं आहे. (बाकी त्याचा आवाज इतका स्वच्छ आधी-नंतर क्वचितच लागला असेल. ते श्रेय पंथाचं की दारू सुटल्याचं, हा वाद शब्दचर्चेच्या बाहेरचा.)

म्हणजे इथे ‘रासिओनाल’ हे विशेषण नाही, पंथाची खूण आहे. ‘वारकरी’चं भाषांतर कोणी ‘फेऱ्या मारणारा’ असं करत नाही, तसंच हे. नाव आहे तसं ठेवा. उच्चाराबद्दल एवढंच, की ब्राझीलमध्ये शब्दाच्या सुरुवातीचा र घशातून ‘ह’सारखा निघतो आणि शेवटच्या ल चा ‘उ’ होतो, त्यामुळे तिथे ऐकू येतं ‘हासिओनाउ’. तिमचंही रिओत ‘चिम’ होतं. आपल्याकडे पोर्तुगीज शब्द गोव्याच्या वाटेने आले (पाव, बटाटा, चावी, पगार), म्हणून हा ब्राझिलियन उच्चार आपल्या कानाला परका वाटतो. मराठीत ‘रासिओनाल’ लिहिलं तर आकाश कोसळणार नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. लॅटिनमध्ये ‘रेओर’ म्हणजे मोजणं, हिशेब लावणं, आणि त्यावरून मानणं. त्याचं नाम ‘रातिओ’, हिशेब. त्यातूनच रॅशनल, त्यातूनच रेशो, त्यातूनच भाजीवाल्याचा रेट, ऑफिसातला प्रो-रेटा आणि आपलं रेशन. रेशन म्हणजे मोजून दिलेला वाटा. रेशनकार्ड आणि रॅशनॅलिझम एकाच कुळातले! हे मी ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांनी मान हलवली आणि विषय बदलला, पण मला अजूनही त्याचा आनंद ओसरत नाही. मूळ अर्थ ‘मोजणं’ हा मराठीत फक्त गणिताच्या लोकांनी नेमका पकडला. रॅशनल नंबरला पाठ्यपुस्तकात ‘परिमेय संख्या’ म्हणतात, ज्याचं माप घेता येतं ती. ‘विवेक’ मात्र ‘विच्’ धातूचा, म्हणजे वेगळं करणं. सूप हातात घेऊन पाखडणं म्हणा. पाखडणं वेगळं, मोजणं वेगळं. तिम मायाने दोन्हीपैकी काहीच केलं नाही, तो भाग निराळा.

आणि इथून पुढे जे सांगणार आहे ते माझं लाडकं आहे, त्यामुळे थोडं सांभाळून घ्या. काही व्युत्पत्तिकार लॅटिन ‘रेओर’, इंग्रजी ‘रीड’, जर्मन ‘राटेन’ आणि संस्कृत ‘राध्’ ही सगळी एकाच मुळाची पोरं मानतात. राध् म्हणजे आपल्या आराधनेतला राध्. म्हणजे ज्याला लोक विवेकवादी म्हणायला निघालेत, त्या शब्दाची चुलत बहीण निघाली ‘आराधना’! आणि दुसरी चुलत बहीण ‘वाचणे’, इंग्रजीतलं. एक माणूस पुस्तक वाचतो, त्याची आराधना करतो आणि अल्बमला नाव देतो रासिओनाल. भाषेला विनोदबुद्धी असते असं मी म्हणतो तेव्हा माझ्या ओळखीचे एक प्राध्यापक भुवया उंचावतात. त्यांच्या मते ‘राध्’ला इथे ओढून आणलं आहे. इंग्रजी ‘रीड’ आणि ‘राध्’ यांचं नातं त्यांना मान्य आहे, ‘रेओर’ त्याच घरात नेऊन बसवायला मात्र त्यांची हरकत. बसवू नका. पण मग आवाज सारखा, अर्थ शेजारचा, आणि तरी दोन वेगवेगळी मुळं कल्पायची, हे काटकसरीचं शास्त्र कसं, तेवढं त्यांनी सांगावं. चार वर्षं झाली, अजून सांगितलेलं नाही.

पुढे आणखी गंमत आहे. पाणिनीय धातुपाठात ‘राध साध संसिद्धौ’ असं आहे, राध् म्हणजे सिद्धीला नेणं. आणि रेशनला आपला जुना शब्द कोणता? शिधा. तो ‘सिद्ध’वरून आलेला. म्हणजे ‘रेशनचा शिधा’ म्हणताना आपण दोन टोकांकडून निघून एकाच चावडीवर येऊन बसतो. इथे ‘रांधणे’ही ओढून आणायचा मोह होतो, कारण शिधा रांधायलाच असतो. पण त्याचा संबंध ‘रध्’ या वेगळ्या धातूशी लावतात, म्हणून हात आवरता घेतो. माझ्यावर ओढाताणीचा आरोप करणाऱ्यांनी ही नोंद घ्यावी.

‘देझेंकांतू’बद्दल विचारलेलं नाही, तरी सांगतो. ‘एंकांतू’ म्हणजे मंत्राने घातलेली मोहिनी, मुळात लॅटिन ‘कांतारे’, गाणं. ‘देझेंकांतू’ म्हणजे ती उतरणं. मराठीत या पुस्तकाचं नाव ‘भूल उतरलेलं विश्व’ असं काहीसं होईल, ‘मोहभंग’ फार कादंबरीछाप वाटतं. गायकाचीही भूल वर्षभरातच उतरली. तो पंथातून बाहेर पडला, या अल्बमच्या तबकड्यांशी नातं तोडून त्याने त्या बाजारातून काढून घेतल्या, आणि पुढे त्या दुर्मिळ होऊन बसल्या. अल्बमचा तिसरा खंड उजेडात यायला २०११ साल उजाडलं, तोवर त्याला जाऊन तेरा वर्षं झाली होती.

हो, ‘स्वतंत्र अल्बम’चं राहिलंच. ‘स्वतंत्र’ म्हटलं की ‘कुठल्या चित्रपटातला नसलेला’ असा अर्थ मराठी वाचक घेतो, आणि त्याचं चुकत नाही. इथे झालं असं, की प्रचाराची गाणी ऐकून आरसीएने हात झटकले, तिम मायाने ध्वनिफिती विकत घेतल्या आणि स्वतःच्या ‘सेरोमा’ या लेबलवरून पहिले दोन खंड बाजारात आणले. याला आपल्याकडे सुंदर शब्द आहे, पदरमोड. ‘पदरमोड करून काढलेला अल्बम’ म्हणा. अगदी छापील हवं असेल तर ‘स्वप्रकाशित’. आणि ‘सेरोमा’ काय आहे ठाऊक आहे? त्याचं खरं नाव सेबास्तियाँव रोद्रिगिस माया. से, रो, मा. गजानन दिगंबर माडगूळकरांचे ‘गदिमा’ होतात, अगदी त्याच चालीवर. फक्त डॉक्टरी भाषेत शस्त्रक्रियेनंतर कातडीखाली साचणाऱ्या पाण्यालाही सेरोमाच म्हणतात, त्यामुळे ही तबकडी एखाद्या सर्जनला भेट देणार असाल तर लेबलवर बोट ठेवून द्या.