हिपॅटायटिस बी अनेक वर्षांपासून आहे, पण सीआरपी नॉर्मल आला. म्हणजे यकृतात सूज नाही असे समजावे का?

आपल्या प्रश्नातील माहिती अशी आहे: वडील ५२ वर्षांचे, शेतकरी, हिपॅटायटिस बी असल्याचे बऱ्याच वर्षांपासून माहीत आहे, औषध चालू नाही. अलीकडच्या तपासणीत सीआरपी ३ आणि ईएसआर ३४ (या दोन्ही शरीरातील दाहाचा, म्हणजे सुजेचा अंदाज देणाऱ्या रक्ततपासण्या), एसजीपीटी ४८ आणि एसजीओटी ४४ (यकृतपेशींना इजा झाली की रक्तात वाढणारी विकरे) आणि प्लेटलेट १ लाख ६० हजार आले. सीआरपी नॉर्मल असल्याने यकृत शांत आहे आणि डॉक्टरांकडे जाण्याची गरज नाही, असे घरात ठरत आहे. मी कोल्हापुरात पॅथॉलॉजिस्ट म्हणून काम करते आणि असे अहवाल रोज पाहते. कृपया हा निष्कर्ष काढू नका.

सीआरपी हे प्रथिन यकृतातच तयार होते. शरीरात कोठे जिवाणूंचा संसर्ग झाला की पांढऱ्या पेशींकडून इंटरल्युकिन-६ नावाचा निरोप यकृताकडे जातो आणि काही तासांत सीआरपी अनेक पटींनी वाढतो. हिपॅटायटिस बीमध्ये घडते ते वेगळे. हा विषाणू यकृतपेशींना सहसा स्वतः मारत नाही. तो ज्या पेशींत लपला आहे त्या पेशींवर आपल्याच लिम्फोसाइट पेशी हल्ला करतात आणि ही झटापट वर्षानुवर्षे मंद गतीने चालू राहते. सीआरपी उसळावा इतका जोरदार निरोप तिच्यातून बहुधा निघत नाही, म्हणून यकृतात दाह असतानाही सीआरपी नॉर्मल दिसू शकतो. त्यातही सिऱ्हॉसिस (यकृत व्रणांनी भरून कडक होणे) होऊन यकृताची प्रथिने बनवण्याची ताकद घटली, तर गंभीर संसर्गातसुद्धा तो अपेक्षेइतका वाढत नाही. उलट, पावसाळ्यात तापाने आजारी असताना याच रुग्णाचा सीआरपी ८० आला, तर त्याचे खापर जुन्या हिपॅटायटिसवर न फोडता तापाचे कारण शोधावे लागते.

ईएसआरचे गणित आणखी गुंतागुंतीचे आहे. जुन्या यकृतविकारात गॅमा ग्लोब्युलिन ही रोगप्रतिकारक प्रथिने वाढतात आणि त्यामुळे ईएसआर वाढतो. पण ईएसआर वाढवणारे दुसरे प्रथिन, फायब्रिनोजेन, यकृत बनवते आणि यकृत थकले की तेच कमी पडते. शिवाय रक्त कमी असेल तर ईएसआर आपोआप चढतो. वडिलांच्या ३४ या आकड्यावरून म्हणूनच फारसे काही ठरत नाही. मात्र त्याच अहवालात अल्ब्युमिन आणि ग्लोब्युलिन दिले असतील तर ते अवश्य पाहा. ग्लोब्युलिन अल्ब्युमिनपेक्षा जास्त असेल, तर डॉक्टरांना ते आवर्जून दाखवा. फेरिटिन हे लोह साठवणारे प्रथिनही दाहात वाढते, पण मद्यपान आणि चरबीयुक्त यकृतातही वाढते, त्यामुळे या प्रश्नापुरते ते बाजूला ठेवलेले बरे.

आता ज्या आकड्यांकडे घरात कोणी पाहिले नाही, त्यांच्याकडे वळते. वयाला एसजीओटीने गुणावे. प्लेटलेट हजारांत घेऊन त्यांना एसजीपीटीच्या वर्गमूळाने गुणावे. आणि पहिल्या गुणाकाराला दुसऱ्याने भागावे. या निर्देशांकाला फिब-४ म्हणतात. वडिलांच्या बाबतीत ५२ गुणिले ४४ म्हणजे २२८८, भागिले (१६० गुणिले ६.९३), म्हणजे सुमारे २.०६. १.४५ च्या खाली असता तर यकृतात मोठे व्रण नसावेत असे म्हणता आले असते, ३.२५ च्या वर असता तर चिंता गंभीर झाली असती, २.०६ मधल्या पट्ट्यात येतो. एप्री हा दुसरा निर्देशांक, एसजीओटीची कमाल मर्यादा ४० धरली, तर ०.६९ येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एप्री ०.५ पेक्षा जास्त असणे हे यकृतात लक्षणीय व्रण असण्याचे चिन्ह मानून उपचाराचा विचार करायचा असतो. ज्या अहवालात सीआरपी नॉर्मल आहे, त्याच अहवालातले हे आकडे आहेत. एसजीपीटी ४८ लाही ‘किंचित वाढलेला’ म्हणून सोडून देऊ नये, कारण याच सूचनांमध्ये पुरुषांसाठी मर्यादा ३० धरली आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. एसजीओटी, आणि थोड्या प्रमाणात एसजीपीटीसुद्धा, स्नायूंतून येतात. तालमीत जोर-बैठका मारून थेट रक्त द्यायला आलेल्या मुलांचे हे दोन्ही आकडे वाढलेले आणि त्यासोबत सीपीके हे स्नायूंतले विकरही भरपूर चढलेले मी पाहते. आठवडाभर विश्रांती घेतली की ते उतरतात. वडील रक्त देण्याच्या आदल्या दिवशी उसाच्या शेतात राबले असतील, तर काही दिवस अंगमेहनत टाळून तपासणी पुन्हा करावी.

गुडघ्यांसाठी ते अधूनमधून गोळ्या घेतात असेही आपण लिहिले आहे आणि मला सर्वांत जास्त काळजी त्याची वाटते. त्या गोळ्यांत किंवा कोणी दिलेल्या पुडीत स्टेरॉइड असेल, तर सीआरपी खाली येतो आणि त्याच वेळी हिपॅटायटिस बीचा विषाणू जोमाने वाढू शकतो. अशा वेळी कागदावर सारे शांत दिसते. गोळ्यांचे पाकीट डॉक्टरांना दाखवा. स्टेरॉइड बरेच दिवस चालू असेल तर ते स्वतःच्या मनाने एकदम बंदही करू नका.

यापुढे एचबीव्ही डीएनएचे (रक्तातील विषाणूचे) प्रमाण, विषाणू किती सक्रिय आहे याचा अंदाज देणारे एचबीई अँटीजेन, सोनोग्राफी आणि यकृताचा कडकपणा मोजणारा फायब्रोस्कॅन या तपासण्या लागतील. डीएनए मिलिलिटरमागे २००० एककांपेक्षा जास्त आणि एसजीपीटी वाढलेला असेल, तर उपचाराचा निर्णय सहसा स्पष्ट होतो. राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २०१८ मध्ये सुरू झाला असून त्यात तपासणी व औषधे मोफत देण्याची तरतूद आहे. खर्चाची अडचण असेल तर आधी कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात चौकशी करा. टेनोफोव्हिर किंवा एन्टेकाव्हिर हे विषाणूरोधक औषध सुरू झाले, तर बरे वाटते म्हणून ते मध्येच थांबवू नका, कारण औषध अचानक सोडल्यास यकृताचा दाह भडकू शकतो. आणि आपली, आईची व भावंडांची एचबीएसएजी (हिपॅटायटिस बीचा संसर्ग आहे का हे सांगणारी) तपासणी झाली नसेल, तर ती याच आठवड्यात करून घ्या. ज्यांची निगेटिव्ह येईल आणि आधी लस झालेली नसेल, त्यांना लस देता येते.