मॉडेल रेल्वेचे पॉइंट (गाडीचा रूळ बदलणारे सांधे), सिग्नल आणि फाटक मोबाईलवरून चालवता येतात का? कुठलं अ‍ॅप घ्यावं, खर्च किती येतो?

येतात. अ‍ॅप कुठलंही घ्या, काडीचा फरक पडत नाही. एवढंच लिहून सोडणार होतो, पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय ना की "पॅनल, बटणं सगळं काढून टाकून फक्त फोनवर घ्यायचंय", तिथे माझी सटकली. तुमच्यावर नाही हो. हेच वाक्य आमच्या मेव्हण्याने आमच्या घरात म्हटलं होतं, आणि तेव्हापासून आमचं जे जुंपलंय ते अजून मिटलेलं नाही.

आमच्याकडे डोंबिवलीला पाच दिवसांचा गणपती. देखावा दरवर्षी रेल्वेचाच, कारण वडील मध्य रेल्वेत लिव्हर ओढून पॉइंट-सिग्नल चालवायच्या केबिनमध्ये होते. घाट, बोगदा, एक लहान स्टेशन, लूप लाइन (मेन लाइनमधून बाजूला निघून परत तिला मिळणारी), फाटक. डोंगर थर्माकोल बंद झाल्यापासून पुठ्ठ्याचे आणि कागदाच्या लगद्याचे. ट्रॅक तुमच्यासारखाच ओओ मापाचा, गाडी साध्या डीसीवर, म्हणजे रुळातला व्होल्टेज कमीजास्त करून चालणारी, पॉइंटना कॉइलवाल्या मोटर. पॅनल मी केलेलं होतं, अ‍ॅक्रिलिकच्या शीटवर ट्रॅकचा नकाशा, प्रत्येक पॉइंटला दोन पुश बटणं आणि मागे एक सीडीयू, म्हणजे कपॅसिटर चार्ज करून एका झटक्यात कॉइलमध्ये सोडणारं ते सर्किट. तुम्हाला माहीतच असेल.

मेव्हणा आयटीत. त्याला ते पॅनल देखाव्यात "ऑड" दिसत होतं. म्हणाला भाऊजी आता कोण बटणं दाबतं, सगळं फोनवर आणतो, लहान मुलांनासुद्धा मजा. एक ईएसपी८२६६चा बोर्ड (वायफाय असलेला छोटा कंट्रोलर), एक रिले मॉड्यूल (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणारे स्विच), घरच्या राउटरवर जोडलं आणि ब्राउझरमध्ये उघडणारं एक पान केलं, दिसायला खरंच सुरेख. सीडीयू काढून टाकला, जागा खातो म्हणून. मी म्हटलं अरे तो राहू दे, तर "पल्स मी सॉफ्टवेअरमध्ये सांभाळतो" असं उत्तर मिळालं.

पहिल्या दिवशी सगळं छान चाललं. दुसऱ्या दिवशी पाहुणे. गणपतीत पाहुणे आले की आधी पाणी मागतात आणि मग वायफायचा पासवर्ड, आणि मेव्हण्याने कौतुकाने त्या पानाची लिंक फॅमिली ग्रुपवर टाकलेली. म्हणजे हॉलमध्ये बसलेल्या प्रत्येकाच्या हातात आमचं स्टेशन. गाडी लूपच्या तोंडाशी आली, इंजिन आणि पहिला डबा सरळ मेन लाइनने गेला आणि तेवढ्यात कुणीतरी पॉइंट फिरवला. मागचे डबे लूपवर. सगळी गाडी आडवी, फाटकापाशी उभ्या बैलगाडीसकट.

वडिलांनी शांतपणे विचारलं, गाडी पॉइंटवर असताना पॉइंट हललाच कसा? मेव्हणा म्हणाला काका कोणीतरी टॅप केलं. "टॅप केलं ते कळलं. हलला कसा?"

हा प्रश्न त्याला आजपर्यंत समजलेला नाही आणि तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्यातच आहे, म्हणून जरा विस्ताराने सांगतो. जुन्या लिव्हरच्या काळात पॉइंटच्या अलीकडे रुळाला आतून लागून एक लांब लोखंडी पट्टी असायची, लॉक बार. पॉइंटचं कुलूप काढायला लिव्हर ओढला की ती पट्टी आधी वर उचलली जायची आणि मगच कुलूप सुटायचं. वर गाडीचं चाक असलं तर पट्टी उचलतच नाही, लिव्हर अडतो, माणसाने कितीही जोर लावला तरी. पट्टीची लांबी अशी ठेवायची की दोन चाकांच्या मधल्या मोकळ्या जागेत ती फसून वर येता कामा नये. पुढे ट्रॅक सर्किट आलं, रुळातल्या करंटवरून वर गाडी आहे का ते ओळखणारं, तत्त्व तेच. माणूस मागणी करतो, द्यायची की नाही ते रुळाशेजारची यंत्रणा ठरवते. सिग्नलचंही तसंच, पॉइंट बसून कुलूप लागल्याशिवाय आणि फाटक बंद झाल्याशिवाय लिव्हर ओढलाच जात नाही. मेव्हण्याच्या पानावर मागणी हाच हुकूम होता. एवढंच चुकलं होतं पण मुळात चुकलं होतं.

मग संध्याकाळी दुसरा प्रकार. आरतीच्या आधी तो स्वतः एक पॉइंट मारत होता, बटणावर बोट दाबलेलं आणि त्याच क्षणी त्याला फोन आला. त्याने पान असं लिहिलेलं की बोट टेकलं की रिले ऑन, बोट उचललं की ऑफ. कॉलची स्क्रीन मध्ये आल्यावर ब्राउझर "बोट उचललं" हा इव्हेंट पाठवत नाही, टचकॅन्सल नावाचा वेगळाच पाठवतो, तो ह्याने धरलेलाच नव्हता. रिले ऑनच. कॉइलवाली मोटर ही क्षणभराच्या झटक्यासाठी असते, सलग करंट दिला की तापते. वास यायला लागला तर सगळ्यांना वाटलं कापूर पेटवला. मोटरचं प्लास्टिक मऊ पडून रॉड तिरका झाला, तो पॉइंट मी उरलेले दिवस काडीने ढकलला. सीडीयू जागेवर असता तर कपॅसिटर रिकामा झाल्यावर पुढे किरकोळ करंट गेला असता, मोटर वाचली असती. हे मी त्याला तेव्हाही सांगितलं आणि दिवाळीत पण सांगितलं.

त्याचं म्हणणं, हा बग होता, बग दुरुस्त होतो, तुम्ही उगाच फोनला नावं ठेवता, पुढे सगळं असंच होणार. पुढे कशाला? अमेरिकेत एमआयटीचा टेक मॉडेल रेलरोड क्लब १९४६ सालचा, त्या पोरांनी टेलिफोन एक्स्चेंजचे रिले आणि फोनच्या डायल वापरून लेआउट चालवला. फोनवरून रेल्वे म्हातारी होऊन गेली! आणि तिथेसुद्धा डायल फक्त मागायची, काय करायचं ते टेबलाखालचे रिले बघायचे.

तर तुमच्यासाठी. डोकं बोर्डात ठेवा, फोन नुसता बटणासारखा वापरा. फोनने एवढंच पाठवायचं की "पॉइंट ३, लूप", एकदाच, टॅपला. किती वेळ करंट द्यायचा ते बोर्डाने ठरवायचं, साधारण सेकंदाचा दहावा भाग पुरतो. पॉइंटच्या अलीकडे पलीकडे स्लीपरच्या मध्ये इन्फ्रारेड सेन्सर बसवा, वर डबा असेल तर बोर्डाने मागणी सरळ नाकारायची. सिग्नल हिरवा करायच्या आधी पॉइंट कुठे आहे ते तपासायचं. आणि तुमची जुनी बटणं त्याच बोर्डाच्या पिनांना लावून टाका, म्हणजे फोन आणि पॅनल दोन्ही एकाच दारातून आत येतील. ही बटणं काढू नका म्हणजे नका. फोन चार्जिंगला असतो, बायकोच्या हातात असतो, अपडेट घेत असतो.

घरच्या राउटरवर जोडू नका. ईएसपी३२ (ईएसपी८२६६च्या पुढचा बोर्ड) स्वतःचं वायफाय नेटवर्क तयार करतो, त्याला पासवर्ड द्या आणि ब्राउझरमध्ये १९२.१६८.४.१ टाका, पान उघडतं, अ‍ॅपची गरजच नाही. एक त्रास होईल, त्या नेटवर्कला इंटरनेट नाही म्हणून अँड्रॉइड फोन हळूच मोबाईल डेटावर पळतो आणि मग पान उघडत नाही, लोक बोर्डाला शिव्या घालतात. मोबाईल डेटा बंद करा. ब्लूटूथने करायचं असेल तर एचसी-०५ हे स्वस्त मॉड्यूल आयफोनशी बोलत नाही हे घ्यायच्या आधी बघा.

फाटकाला कॉइल अजिबात नको, खाडकन आपटणारं फाटक बघवत नाही. एसजी९० सर्वो लावा, म्हणजे सांगितलेल्या कोनापर्यंत फिरणारी छोटी मोटर, सावकाश खाली येतं. पॉइंटलाही सर्वो चालतो, खालून पियानो वायरने जोडायचा, फक्त पॉइंटमध्ये स्वतःची स्प्रिंग असेल तर ती काढा नाहीतर सर्वो तिच्याशी भांडत गुरगुरत राहतो. सर्वोला ५ व्होल्टचा वेगळा सप्लाय द्या, ग्राउंड मात्र बोर्डाशी एकत्र. बोर्डातूनच पॉवर घेतलीत तर दोन सर्वो एकदम हलले की बोर्ड रीसेट होतो, मग तुम्ही कोडमध्ये चूक शोधत बसणार. जास्त सर्वो असतील तर पीसीए९६८५ हा सर्वो चालवणारा बोर्ड, त्यावर १६ बसतात. पॉइंटची शेवटची स्थिती बोर्डाच्या मेमरीत लिहून ठेवा, नाहीतर दर वेळी चालू केल्यावर सगळे पॉइंट एकदा नाचून दाखवतात.

हे सगळं साध्या डीसीसाठी बरं का, आधीच सांगायला हवं होतं. डीसीसी, म्हणजे रुळातूनच डिजिटल हुकूम जाणारी पद्धत, घेणार असाल तर एवढा उद्योग कशाला, अ‍ॅक्सेसरी डीकोडर (ते हुकूम वाचून पॉइंट फिरवणारं सर्किट) बसवा, जुन्या कॉम्प्युटरवर किंवा रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर जेएमआरआय हे मॉडेल रेल्वेचं सॉफ्टवेअर टाका, फोनवर इंजिन ड्रायव्हर हे अ‍ॅप, आयफोन असेल तर वायथ्रॉटल. दोन्ही एकाच सर्व्हरशी बोलतात, म्हणून म्हटलं अ‍ॅप कुठलंही घ्या. डीसीसी-ईएक्सचा कमांड स्टेशन (रुळात ते हुकूम सोडणारा बोर्ड) वायफायसकट घरी बनवलात तर जेएमआरआयसुद्धा लागत नाही. आणि पॉइंटचा फ्रॉग (आतले दोन रूळ एकमेकांना छेदतात तो तुकडा) धातूचा असेल तर पॉइंटबरोबर त्याची पोलॅरिटी बदलावी लागते, त्याला एक रिले वेगळा धरा.

मेव्हणा हे वाचणार आहे, लिंक पाठवणारच मी. त्याचं पान अजून वापरतो आम्ही, दिसतं छान. टेबलाखालचा बोर्ड माझा आहे.

खर्च विचारलात. ईएसपी३२ चार-पाचशेच्या आसपास, सर्वो शंभर-दीडशेला, मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठ, ऑनलाइनही मिळतं. महाग पडतात त्या बाहेरून मागवलेल्या पॉइंट मोटर, त्यावर कस्टम्स. म्हणून आहेत त्या जाळू नका. सीडीयू विकत घ्यायची गरज नाही, २५ व्होल्टचा ४७०० मायक्रोफॅरड कपॅसिटर, एक डायोड आणि १०० ओहमचा ५ वॅटचा रेझिस्टर, सप्लायमधून डायोड आणि रेझिस्टर करत कपॅसिटरला, कपॅसिटरमधून रिलेला. सप्लाय १६ व्होल्टच्या वर नेऊ नका आणि कपॅसिटरचे प्लस मायनस दोनदा बघा, उलटा लागला तर फुटतो. दोन पॉइंट मारताना मध्ये दोन सेकंद जाऊ द्या, तेवढा वेळ तो भरायला घेतो, आणि ते दोन सेकंदसुद्धा बोर्डालाच मोजू द्या.